चुकलेली गोळी

महूच्या कॉलेजात, मागच्या शेडमध्ये,
बदक क्रमांक एकवीस.
शंभूदयाल चोच उघडून धरतो,
मी नळीतून सोडते सहा छर्रे,
कथील आणि बिस्मथचे, वर घोटभर पाणी.
ते गिळतं. मान झटकतं. झालं.

पलीकडे शिसंवाली.
तिसऱ्याच आठवड्यात विष्ठा हिरवी,
पंख छपरासारखे उतरते.
शंभूदयाल त्यांना घरून मेथीच्या काड्या आणतो.
नोंदवहीत ते येत नाही,
मीही पाहिलेलं नाही.

पेषणीला धातू कळत नाही.
दाणे दळायला खडा हवा,
चिखलात सापडेल तो.
जातं कधी विचारतं
पाथरवट कोण होता?

साठाव्या दिवशी एक्स-रे :
काळ्या फिल्मवर सहा पांढरे ठिपके,
झिजून मोहरीएवढे.
रक्त ठीक, वजन नऊ ग्रॅम जास्तच.
मुळ्येबाई म्हणतात, लिही,
"दुष्परिणाम आढळला नाही."
लिहिलं.

घर धार रोडला.
सिरपूरच्या पाळीवर स्कूटी थांबवते.
पाण्यावर ठिपके, मोजते सवयीनं.
सहा.
नाही, सात; एक बुडी मारून वर आलं.

मग उशिरा, हेल्मेट काढता काढता कळतं :
आम्ही तपासली ती चुकलेली गोळी,
कुणालाच न लागता तळाशी गेलेली.
लागलेलीसाठी तक्त्यात रकाना नाही.

उद्या एकवीसच्या यकृताचे काप.
शंभूदयालचा फोन :
"मॅडम, सकाळी मेथी आणू का,
की आता नको?"