केशरी, पण त्याचा नको

मंगळवारी दान्को आला,
टोपी कानांवरून काढायच्या आधीच म्हणाला,
"बंधू काढून टाक."
मी म्हटलं, बसा तरी.
बाहेर चौकातल्या दोराला धरून
एक बाई रस्ता ओलांडत होती.
पुन्ता आरेनासचा वारा. आम्ही बघतही नाही आता.

मारुशिच बंधू. हीटर, शेगड्या, बॉयलर.
पाटी बापाने रंगवली तेव्हा
बंधू नऊ आणि सहा वर्षांचे होते.
बंधू हा शब्द आमच्या भाषेत आठ अक्षरांचा,
आडनावाहून एकाने जास्त;
तो काढला की अर्ध्याहून अधिक पाटी
नुसता पत्रा.
"मग मारुशिच मोठं कर."
अक्षरं ओढून मोठी होत नाहीत हो,
पोट सुटल्यासारखी दिसतात.
हे मी मनात म्हटलं. तोंडाने, बघते.

गुरुवारी विंको. तीच खुर्ची.
त्यालाही लोगो, वेबसाइट, गाडीवरचं स्टिकर,
त्यालाही ज्योत.
"केशरी," म्हणाला, "पण त्याचा नको."
गावात डिझाइनचं काम करणारी मी एकटी,
नाहीतर माझ्याकडे आले नसते दोघे.

तो केशरी बापाने
कुठल्याशा जीवरक्षक होडीच्या उरलेल्या डब्यातून आणलेला.
मी पाटीचा फोटो स्क्रीनवर घेतला,
पाच जागी टिचकी मारली,
पाच वेगळे केशरी निघाले:
उन्हाकडचा, गंजाकडचा, पत्र्याच्या दुमडीतला.
दोघांना एकेक दिला. दोन्ही खरे.
तीन उरले, ते ठेवलेत.

अडलं ते ज्योतीपाशी.
जुन्या ज्योतीला दोन जिभा होत्या,
एक उंच, एक तिला टेकलेली.
एक काढली की उरतं ते ज्योत दिसत नाही,
थेंब दिसतो.
बॉयलर दुरुस्तीवाल्याच्या पाटीवर थेंब!
लोक म्हणतील, गळती यांच्याकडेच.
कंबर बारीक केली, थेंब.
टोक वाकवलं, कलंडलेला थेंब.
रात्री दीडला चहा ओतताना
खऱ्या शेगडीकडे बघत उभी राहिले,
तिथे तर जिभा मोजताच येत नव्हत्या.

'आमच्याविषयी'साठी दोघांनी मजकूर पाठवला.
दान्कोचा फोनवरून, शुद्धलेखनाची ऐशीतैशी.
विंकोचा मुलीने टाइप केलेला, नीटनेटका.
पहिलं वाक्य दोन्हीकडे:
वडील म्हणायचे, आधी वास घ्या, मग पान्याला हात लावा.
मी एकालाही सांगितलं नाही.
दोन्हीकडे तसंच ठेवलं.

आणि मग माझ्याकडून ती चूक झाली.
झोपेचं खोबरं झालेलं, दोन बिलं, एकच आडनाव,
विंकोचं बिल दान्कोला गेलं.
वर ठळक अक्षरात विंकोचं नाव,
विंकोची गल्ली, विंकोची ज्योत, मोठ्या आकारात.
मला कळलं तेव्हा अंगावर काटा आला.
कळलं कसं? तर पैसे जमा झाले म्हणून.
पूर्ण. त्याच दुपारी.
त्याचं स्वतःचं बिल तर मी अजून पाठवलंही नव्हतं.

फोन लावला. माफी मागितली, परत पाठवते म्हटलं.
पलीकडे बॉयलरचा घुंग आवाज,
कुणीतरी काहीतरी आपटलं.
"राहू दे," दान्को म्हणाला.
"तो नेहमीच उशिरा देतो. तुझेही लटकवेल."

मी काय बोलणार?
ठेवणारच होते, तेवढ्यात:
"ऐक. त्याची ती ज्योत
खालून जरा जाड कर.
त्याच्या गल्लीत वारा फार आहे."