अंगठा

भवानी पेठेतल्या आमच्या पतसंस्थेत
निळ्या शाईचं पॅड माझ्याच टेबलावर असतं.
सकाळी हौसाबाई खुडे आल्या, थेट मंडईतून,
नखांत मेथीची माती.
मुदत ठेवीच्या कागदावर मी फुली मारली. "इथं."
त्या म्हणाल्या, "वाच."
"मावशी, नेहमीचंच आहे."
"मग लौकर होईल वाचून."

मी वाचलं. मागे रांग खाकरत होती.
चौथं कलम त्यांनी दोनदा वाचायला लावलं.
मग कुठे अंगठा पॅडवर टेकवला,
कागदावर उठवला,
आणि पदराला पुसून परत घेतला
उसना दिल्यासारखा.

दुपारी डबा उघडला, तसा माझा अंगठा कामाला लागला.
वर्गातला बाबर मनालीत.
कुणाचं बारसं, कुणाचा बाप गेलेला,
लगेच खाली गादीची जाहिरात.
सोसायटीच्या ग्रुपवर टँकरवरून भांडण, सत्तेचाळीस निरोप.
मी इनामदारांना अंगठा दिला,
इनामदारांवर ओरडणाऱ्या गुजरांनाही दिला.
अटी मान्य? मान्य.
लोकेशन? घ्या.
भेंडी कधी संपली कोण जाणे.

एकतीस वर्षं लफ्फेदार सही करणारा, बी. कॉम. माणूस.

निघताना पॅडमध्ये शाई भरली, थोडी सांडली.
स्वारगेटला धायरीची बस मिळाली, खिडकीही मिळाली,
हात आपसूक खिशात.
फोनने अंगठा ओळखला नाही.
पुन्हा प्रयत्न करा, म्हणाला.
केला.
पुन्हा प्रयत्न करा.

चार आकडे टाकले की उघडतो तो.
मी दोन टाकले,
आणि मागच्या सीटवरून कुणी म्हणावं तसं ऐकू आलं: वाच.
कशासाठी उघडतोयस, ते वाच आधी.

दांडेकर पूल गेला. उत्तर नव्हतं.
विठ्ठलवाडी गेली.
बाहेर एक पोरगा सायकलच्या चेनशी झटत होता,
त्याचेही हात काळे.
हिंगण्याच्या सिग्नलला आठवलं:
भोरहून सुलभाताईचा निरोप होता,
सोमवारी गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, भीती वाटते रे.
त्यावरही मी अंगठा देऊन मोकळा झालो होतो.

उरलेले दोन आकडे टाकले.
फोन लावला.
तिला आधी खरंच वाटेना, म्हणाली, काय झालं? सगळे बरे आहेत ना?

बोलता बोलता अंगठा पँटला पुसत राहिलो.
शाई काही गेली नाही.