रुपयाचा आवाज

मे महिना म्हणजे माझ्याकडे कूलर.
पवनीभरच्या गळक्या टाक्या, फुटके कोपरे.
त्यात परवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत
तणसावर निजवून दोन अंगांची नाव आली.
"फायबरचं काम तुम्हीच करता ना?"
पोरगी केतकी दिघोरे. तळहातावर दोरीचे वळ.

शर्यतीची नाव. गोसीखुर्दच्या पाण्यात
वळणाच्या पिंपापाशी दुसरी येऊन धडकली.
उजव्या अंगाला भोक, कोंबडं जाईल एवढं.
मी म्हणालो, भोक सोपं असते.
भोक दिसते.

खिशातला रुपया काढला,
भोकापासून दूर दूर ठोकत गेलो.
टण. टण. टण.
मग एका जागी थप्प.
खडूने रेघ. वीतभर पुढे, पुन्हा थप्प.
वरून चकचकीत, आत फोम पाणी पिऊन बसलेला.
इस्तारी मारबते बिडी विझवून पाहत होता.
जन्मभर डोंगे कोरले त्यानं.
"लाकूड बरं," म्हणे, "सडलं का वास तरी येते."

कापलं. दोन दिवस उघडं ठेवलं
पंचेचाळीस अंशांत. आमचं ऊन
एवढ्या एका कामाचं.

कड घासली, उतरती, नखाला न लागेल अशी.
भुकटीत एक लाल सालपट निघालं,
त्या दुसऱ्या नावेच्या रंगाचं.
केतकी बघत राहिली.
"ती उजवीकडून येत होती," हळूच म्हणाली.
"वाट तिची होती.
मी कागदावर वेगळं लिहून दिलं."
मी कूलरवाला. मला पाण्याचे कायदे काय ठाऊक.
सालपट तिनं चिंधीत गुंडाळून खिशात टाकलं.

दुपारी कालवलं तर रेझिन
मगातच धूर सोडते, दगड होते.
म्हणून पहाटे तीनला, बॅटरी इस्तारीच्या हाती,
हार्डनर थेंबाथेंबानं.
ती कापड कापून देई, मी रोलरनं बुडबुडे काढी.
"कमी लावा भाऊ, वजन वाढते."
वाढलंच. धान्याच्या काट्यावर
एकशे ऐंशी ग्रॅम.

पुन्हा रुपया. सगळीकडे टण.

"त्या दुसऱ्या नावेचं काय झालं व बाई?"
इस्तारीनं ट्रॉलीपाशी विचारलं.
"नाक गेलं तिचं."
"मग तेही आणा ना. मगात उरलं हाय अजून."

मगातलं कधीच दगड झालं होतं.
मी काही बोललो नाही.
तिनं दोरी आवळली,
गाठ सोडली,
परत बांधली.