रांग जी, खुर्ची बावीस

बाईंचा विलंबित नुकता कुठे बसत होता
आणि माझ्या डाव्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवू लागलं.
पुढची चार डोकी वळली.
बिल्लेवाला पोरगा वाकून म्हणाला,
"अंकल, मोबाइल बंद कर लो."
मोबाइल तर घरी, चार्जिंगला.
वर बाई हसल्या, खुंटी जराशी पिळली,
"कुणाचा तरी षड्ज लागलाय," म्हणाल्या.
सभागृह हसलं. मीही.

यंत्र काढून खिशात ठेवलं,
गोळ्यांच्या पाकिटाशेजारी.

मग बागेश्री नुसती दिसू लागली.
एक हात वर गेला
आणि कुठल्याशा सुरावर (मध्यमच असणार)
बराच वेळ राहिला,
फडताळातला डबा चाचपावा तसा.
मागे तानपुऱ्यावर कुणी पोर,
बोटाला चिकटपट्टी, नजर कुठेच नाही.
शेजारच्या अनोळखी गुडघ्यावर
एकताल चालला होता, त्याच्या भरवशावर मी.
सम आली की अख्खी रांग खाली जायची,
सराफ्यातल्या पारड्यासारखी.
मीही जायचो.
एकदा जरा आधीच गेलो. कुणी पाहिलं नाही.

बाहेर थंडी. सराफ्यात गराडूच्या कढईपाशी
टिल्लूनं काहीतरी विचारलं.
ओठांवरून कळलं: कशी झाली?
यंत्र खिशातच.
मी जिरावण लागलेली बोटं
त्याच्याच मनगटावर मोजली,
नऊ, दहा, अकरा, बारा,

आणि टिल्लूची मान,
तोंडात गरम गराडू असताना,
आपोआप खाली गेली.