घागरीचं भाडं

मे महिन्यात आमच्या चर्चच्या व्हरांड्यात एक माठ असतो.
त्याला गुंडाळलेलं ओलं गोणपाट,
वर पालथा स्टीलचा पेला, साखळीने बांधलेला.
उपासनेआधी मी तिथे थांबतो,
घसा ओला करतो, जरा खाकरतो,
मग आत जातो पेटीवर बसायला.
बावीस वर्षं.

माझा आवाज चांगला आहे. हे मला माहीत आहे,
देवालाही माहीत असावं असं धरून चालत आलो.
उत्तम शुक्रवारी, पाचव्या उद्गारानंतर,
मी ‘तहान’ या शब्दावर सूर धरून ठेवतो
आणि बायका डोळे पुसतात.
कामठीहून, जरीपटक्याहून लोक येतात माझ्यासाठी.
त्याच्यासाठी, म्हणायचं होतं.

त्या रविवारी सकाळीच ऊन पाठीत शिरत होतं.
नवी चाल बसवायला म्हणून मी लवकर आलो,
तर फाटकाशी शेअर ऑटोवाला भांडत होता:
“दोन सीटचे चाळीस! घागरीनं जागा नाही घेतली का?”

केझियाबाई सोनटक्के. शेवटच्या बाकावरच्या.
एका हातात घागर, दुसऱ्याने पदराची गाठ सोडवत.
निऱ्या भिजून पायाला चिकटलेल्या.

मी म्हटलं, चर्चला नळ आहे ना?
“हाये जी. उन्हाळ्यात पिवयं येते.”
मग हे कुठून?
“उप्पलवाडीहून. आमच्याकडं टँकर येते, पहाटे चारले.
घरामागं तीन घागरी.”

तीन.
त्यातली एक इथे.
उरलेल्या दोन घागरींत त्या, सून, सुनेचं तान्हं,
भांडी, लंगोट, वरण.
मी गणिताचा मास्तर होतो,
माझ्याने हिशेब केल्याशिवाय राहवत नाही.
किती वर्षं आणताय?
“मोजले नाही जी.”

पेला माझ्या हातात होता, भरलेला.
लहानपणी ऐकलेला एक राजा आठवला,
ज्याच्यासाठी माणसांनी जिवावर उदार होऊन पाणी आणलं
आणि ते त्याला पिववेना,
त्याने ते देवापुढे भुईवर ओतलं.
मीही पेला कलता केला पायरीवर.
थोडं नाटक होतंच त्यात, आता कबूल करतो.

“अगा माय! सांडता कायले?
प्या ना. प्यासाठीच तं आणलं.
देवाले तहान लागते का, मले नाही माहीत.
तुम्हाले गायचं हाये.”

प्यालो.
त्यानंतर गायलो, तो कसा गायलो ते विचारू नका.
दुसऱ्या कडव्यात सूर घसरला
आणि सावरावासा वाटला नाही.
शेवटच्या बाकावर केझियाबाई झोपल्या होत्या,
तोंड उघडं टाकून, चारपासून जाग्या बाई.
त्यांचं घोरणं माझ्या पेटीच्या लयीत बसत नव्हतं.
मीच जरा हात संथ केला.

पुढच्या रविवारी अंधारात स्कूटर काढली,
मागे वीस लिटरची कॅन बांधून.
पोचलो तेव्हा टँकर गेला होता,
चिखलात चाकांच्या खुणा,
आणि माझी कोरडी कॅन बघून बायका हसत सुटल्या.
केझियाबाई नाही हसल्या. म्हणाल्या,
“आले तं बसवा मागं. वीस-वीस वाचतीन.”

तर आता कामठी रोडने,
मेट्रोच्या खांबांखालून आम्ही येतो आहोत.
मी, त्या, दोघांच्या मधे घागर.
एकही ओळ सुचत नाही.
प्रत्येक खड्ड्याला थोडं पाणी हिंदकळतं
आणि माझ्या पाठीवर सांडतं.
“हळू जी,” त्या म्हणतात.
मी हळू करतो.
मागून सगळे हॉर्न वाजवत पुढे जातात.