सोडली असेलही

विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावर,
मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसातला कोरियनचा वर्ग.
तन्वीर मुलाणी सर मिरजेहून स्कूटरवर येतात.
रांजणगावच्या कंपनीत सहा वर्षं दुभाषे होते,
फळा पुसताना अजून 'पल्ली पल्ली' म्हणतात.
आम्ही सातजण. मी सगळ्यांत थोरली,
हळदीच्या पेढीवरनं थेट येते,
माझ्या वहीच्या कडा पिवळ्या.

आजचा धडा: होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल
खात्री नसताना कसं बोलायचं.

सरांनी टक्के सांगितले.
'झालं असेल' म्हणजे ऐंशी.
'झालं असावं' साठ-पासष्ट, बोलणारा जरा शिकलेला.
आणि हे आजचं, चाळिसाच्या आतलं:
झालं असेलही, कुणास ठाऊक.
'कुणास ठाऊक' त्यांच्यातही शेवटी येतं,
मोल्लायो.
आधी सगळं बोलून घ्यायचं, मग हात वर करायचे.

एकेक क्रियापद घ्या, म्हणाले.
कुणी जेवणे घेतलं, कुणी विसरणे.
खोतांच्या पोरानं पास होणे घेतलं, सगळे हसले.
मला आलं फुल्दा. सोडणे.
गाठ सोडायची असो की गणित सोडवायचं, शब्द एकच.
"आपल्यासारखंच की!" सर खूश.

फुरोस्सुल्चिदो मोल्लायो.
वहीत उतरवलं. खाली मराठी लिहायला गेले
आणि पेन उचललाच नाही कागदावरून,
निळा ठिपका मोठा होत गेला.

त्या ऑगस्टात दत्तनगरात पाणी शिरलं तेव्हा
बोटीत आधी आई, मग मी, मग गॅसची शेगडी.
भरतेश परत आत गेला,
छातीएवढ्या पाण्यातनं, जिन्याकडं,
तिसऱ्या पायरीच्या गजाला बिजली बांधलेली असायची.
लगेच आला बाहेर.
फार लगेच, किंवा आता मला तसं वाटतं.
बोटवाला ओरडत होता. आई शेगडी धरून बसलेली.
कुणी काही विचारलं नाही,
आणि एकदा विचारायचं राहिलं की
दर वर्षी ते थोडं जड होतं.

बारा दिवसांनी घर उपसलं.
साखळी गजालाच होती.
टोकाचा हूक गाळाचा गोळा झालेला,
आत उघडा की मिटलेला
ते नळाखाली धरलं असतं तर कळलं असतं.
मी तशीच भंगारवाल्याला दिली.
धुतली नाही.
एवढं मात्र शंभर टक्के.

कोरियनमध्ये या वाक्यात कुणी नसलं तरी चालतं.
सोडणारा नको, सुटणारी नको,
नुसतं एक सोडणं, झालेलं किंवा न झालेलं,
मोकळ्या अंगणासारखं.
मराठीत तसं जमत नाही.
'त्यानं' गाळला, 'तिला' गाळलं,
तरी 'सोडली'च्या वेलांटीला
ती बांधलेलीच राहते.
त्याचा मात्र क्रियापदात मागमूस नाही.
हे व्याकरण कुणी त्याच्या बाजूनं केलं असेल?
असेलही.

घरी आले तर भरतेश ओट्यापाशी, दूध तापत ठेवून.
"आज काय शिकलीस?" रोज विचारतो.
मी वाक्य म्हटलं. अर्थ सांगितला नाही.
"परत म्हण."
परत म्हटलं.
मग त्यानं स्वतः म्हणून बघितलं, जीभ अडखळत,
कपाटाचं अवघड कुलूप काढावं तसं हळूहळू,
फुरो, स्सुल्, चिदो,
आणि तिथं थांबला.
"पुढचं काय होतं गं?"

दूध वर आलं होतं.
मी गॅस बारीक केला.