पालथं

त्याला पालथं घालायला आम्ही सातजण लागलो.
दोघी डोक्याशी, नळी सांभाळत,
तिघे एका कुशीला, एक पायांशी,
आणि स्वयंपाकघरातून हाक मारून आणलेला सियाओसी,
ज्याचे हात दिवसभर अळकुड्यांच्या टोपल्या उचलतात.
"तीन" म्हणायच्या आधीच त्याने उचललं.

फिलिमोने वाकापुना, वय एक्केचाळीस.
नुकुआलोफाच्या आमच्या चर्चच्या बँडमधलं
सगळ्यात मोठं पितळी वाद्य याच्या मांडीवर असायचं.
पहिल्याच फुंकरीला पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या
छातीवर हात ठेवायच्या, आणि हसायच्या.

वजन?
आमचा काटा दीडशेला थांबतो.
मी पुढे अधिकचं चिन्ह काढलं,
ते क्रूसासारखं दिसलं
म्हणून खोडून पुन्हा बारीक काढलं.

डॉक्टर लोसालिने समजावतात:
पोट वर सरकतं, पडद्याला रेटतं,
फुफ्फुसांचे खालचे कोपरे मिटलेलेच राहतात,
पाहुणे आले तरी न उघडलेल्या खोल्यांसारखे.
आणि चरबी नुसती साठत नाही, धुमसते.
विषाणू दारात येतो तेव्हा
घरात आधीच भांडण पेटलेलं असतं.
हा दोष नाही, त्या म्हणतात, ही जोखीम.
रात्रपाळीला या दोन शब्दांत
फारसं अंतर उरत नाही.

त्याची आई व्हरांड्यात, कमरेला विणलेली चटई गुंडाळून.
"खात्यापित्या घरचा आहे गं," ती मला सांगते,
जणू मी लग्नाची बोलणी करायला आले आहे.
तिचा थोरला वादळानंतरच्या वर्षी काडीसारखा झाला
आणि गेला.
म्हणून याला तिने मांडीवर घेऊन भरवलं,
नारळाच्या दुधात, पानांत गुंडाळून शिजवलेलं मटण.
ते दक्षिणेकडून गोठवून येतं,
बरगडीच्या कडेचं, निम्मं पांढरं.
तिथे जे कुणी ताटात घेत नाही
ते आमच्याकडे जहाजाने येतं
आणि आमच्याच समुद्रातल्या मासळीहून स्वस्त पडतं.
हे मी तिला सांगत नाही.
तिचा नवरा बंदरावर तीच खोकी उतरवायचा.

मी तक्ते घेऊन गावोगाव फिरले आहे.
ताटाचं चित्र, अर्धं हिरवं.
लोक मान डोलावून ऐकतात, मग जेवायला बसवतात.
मीही बसते.
पालथ्या घड्यावर पाणी.

आणि आता हा घडा माझ्यासमोर पालथा,
आणि मी रात्रभर त्यात हवा ओतते आहे.
रुंद, घामेजलेली पाठ,
वाळूवर उपडी घातलेली होडी.
बोटातल्या चिमट्यावर त्र्याऐंशी.
सत्त्याऐंशी.
बराच वेळ सत्त्याऐंशी.
पहाटे तीनला ब्याण्णव,
आणि मी मोठ्याने म्हणाले, "अस्साच राहा!"
बाळ पहिल्यांदा पालथं पडलं की
आई शेजारीपाजारी सांगत सुटते ना,
तशी मी व्हरांड्यात गेले.

तिने माझ्या हातात पानांची पुडी ठेवली.
"त्याला नळीतून देता. तू खा. तू उचलतेस त्याला."

तक्त्यावर नर्सच्या वजनाला रकाना नाही.
मी एकशे अठरा.
मास्कच्या आत माझा श्वास
सपाट जमिनीवरही जिना चढत असतो.
औषधांच्या कपाटाआड बसून मी पुडी सोडली.
पानांचा काळसर चिकटपणा, नारळ, मीठ, ते पांढरं.
चांगलं झालं होतं.
अर्धं बाजूला ठेवलं.
मग तेही खाल्लं.

सकाळी बँडमधला एक पोरगा
त्या वाद्याचं तोंड तेवढं रुमालात बांधून घेऊन आला.
"उशाशी ठेवा."
उशी छातीखाली होती.
मी ते त्याच्या तळव्यात ठेवलं,
बोटं मिटली, की मला तसं वाटलं.

दुपारी त्याला पुन्हा उताणं करायचं आहे.
आम्ही सहाच आहोत.
सियाओसीला ताप आला आहे.